वसईच्या किनाऱ्यावरील नशा आणि मेंदूची ऊर्जा

वसईची खाडी अरबी समुद्राला मिळते त्या मुखापाशी, वसईच्या किल्ल्याला लागून पाचूबंदर हा कोळीवाडा वसलेला आहे. डोल जाळ्यांची मासेमारी, वलांडीवर सुकणारे बोंबील आणि भरती-ओहोटीच्या वेळांवर चालणारा दिनक्रम ही या गावाची ओळख असून, आज ते वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात येते. या किनाऱ्याचा इतिहास प्रायः किल्ला, तह आणि लढाया यांच्या आधारे लिहिला गेला आहे. परंतु ज्या सत्तांनी हा किल्ला बांधला, जिंकला किंवा सोडला, त्या प्रत्येक सत्तेने येथील माड-ताडांचा रस, भांग, अफू आणि दारू यांच्याविषयीही काही ना काही धोरण ठरवले, आणि त्या धोरणांचे परिणाम किल्ल्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या कष्टकऱ्यांना भोगावे लागले. मादक द्रव्यांचा हा इतिहास चार-साडेचार शतके मुख्यतः महसुलाच्या आणि नीतीच्या भाषेत नोंदवला गेला. ही द्रव्ये मेंदूत नेमके काय करतात, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. हे दोन इतिहास एकत्र वाचले, म्हणजे नशेमुळे होणाऱ्या हानीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

त्यासाठी मेंदूच्या ऊर्जा-चयापचयाची, म्हणजे अन्नातील इंधनापासून मेंदूच्या पेशींना वापरता येईल अशी ऊर्जा तयार होण्याच्या प्रक्रियेची, थोडक्यात ओळख आवश्यक आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असते; मात्र विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जितका प्राणवायू वापरते त्यातील सुमारे २० टक्के वाटा एकट्या मेंदूला लागतो. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज ही साखर असून तिचा म्हणण्यासारखा साठा मेंदूत नसतो, त्यामुळे रक्तपुरवठा अखंड राहणे ही त्याच्या अस्तित्वाची अट ठरते. पेशीतील तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक ग्लुकोज आणि प्राणवायू यांच्यापासून एटीपी हा ऊर्जावाहक रेणू तयार करतात, आणि या एटीपीचा मोठा हिस्सा चेतापेशींमधील विद्युतभार टिकवून संदेश पाठवण्यात खर्च होतो. रक्ताभिसरण पूर्ण थांबल्यास काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत कायमची इजा सुरू होते. मादक द्रव्यांचे मार्ग भिन्न असले, तरी त्यांपैकी अनेकांची गंभीर हानी अखेरीस या ऊर्जाव्यवस्थेपर्यंत येऊन पोहोचते.

बहादूरशहाची भांग आणि गार्सिया द ऑर्ताची निरीक्षणे

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना तहाने दिला. त्याच वर्षी मार्तिम अफोंसो द सोझा या पोर्तुगीज सेनानीबरोबर गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात तो वैद्य म्हणून वावरला, आणि वसईच्या आसपासचा प्रदेशही त्याने पाहिला होता. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयी संवादरूपाने लिहिलेला त्याचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला; भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक होय.

या ग्रंथात भांग, अफू आणि धोतरा या तिन्ही द्रव्यांवर स्वतंत्र संवाद आहेत. भांगेच्या संवादात ऑर्ता लिहितो की, बहादूरशहाने सोझाला असे सांगितले होते की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण येथे जावेसे वाटले, तर थोडी भांग घेतली की पुरे होते. वसई ज्याने पोर्तुगिजांच्या हवाली केली, त्याच सुलतानाच्या तोंडचे हे उद्गार करमणुकीसाठी घेतलेल्या मादक द्रव्याच्या वर्णनांपैकी या किनाऱ्याशी जोडलेले सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट वर्णन म्हणता येईल. परंतु ऑर्ता राजाच्या सुखस्वप्नांपाशी थांबला नाही. श्रमाचा शीण जाणवू नये म्हणून, झोप यावी म्हणून आणि भूक लागावी म्हणून सामान्य सेवकही भांग घेत, हेही त्याने नोंदवले. कष्ट आणि नशा यांचा संबंध इतक्या आधीच्या काळात एका वैद्याच्या लक्षात यावा, ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढील तीन शतकांत राज्यकर्त्यांच्या कागदपत्रांत हा संबंध क्वचितच आढळतो.

अफूविषयी त्याने दिलेले उदाहरण अहमदनगरच्या दरबारातील आहे. निजामशहाचा एक खुरासानी चिटणीस दररोज ३ तोळे अफू खात असे; तो विद्वान आणि उत्तम लेखक असूनही सदा पेंगुळलेला दिसे, मात्र कामाला लावल्यावर शहाण्यासारखे बोले. इतकी मात्रा नवख्या माणसाचा जीव घेण्यास पुरेशी असते. सवयीने शरीर अधिकाधिक मात्रा सोसू लागते, या घटनेला आज सह्यता म्हणतात, आणि ऑर्ताचे निरीक्षण हे तिचेच वर्णन आहे. धोतऱ्याच्या संवादात चोरांनी धोतरा खाऊ घालून भान हरपवलेल्या व्यक्तीचा प्रसंग येतो, म्हणजे स्वखुशीने घेतलेले द्रव्य आणि फसवून दिलेले द्रव्य यांतील फरकही त्याच्या दृष्टीतून सुटला नव्हता. १५६८ मध्ये ऑर्ता मरण पावला, आणि तो छुपा यहुदी होता असे ठरवून धर्मन्यायसभेने १५८० मध्ये त्याचे अवशेष उकरून जाळले. शरीरावर होणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने नशेकडे पाहण्याची त्याने सुरू केलेली रीत त्यानंतर या किनाऱ्यावर दीर्घकाळ खंडित राहिली.

माडीचे झाड आणि सरकारचा हिशेब

वसईच्या किनारपट्टीवर नशेचे सर्वसामान्य साधन भांग किंवा अफू नव्हते. ते माड, ताड आणि शिंदी या झाडांपासून मिळत होते. माडाची न उमललेली पोय बांधून, तिचे टोक दररोज कापून खाली मडके बांधले की गोड रस ठिबकू लागतो. तो ताजा असेपर्यंत नीरा म्हणतात, हवेतील यीस्टमुळे काही तासांत त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होऊन माडी तयार होते, आणि अधिक वेळ गेल्यास तिचा शिरका होतो. ताज्या आंबलेल्या रसात मद्यार्काचे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे बिअरइतके असते. झाडावर चढून रस काढण्याचे काम परंपरेने भंडारी समाजाकडे होते, तर कोळी, आगरी आणि इतर श्रमिक हे माडीचे ग्राहक होते. लग्न, हळद आणि देवकार्य यांतही मद्याला स्थान होते. हाच रस ऊर्ध्वपातित करून, म्हणजे तापवून त्याची वाफ थंड करून, अधिक तीव्र दारू काढली जाई. ऑर्ताने आपल्या ग्रंथात माडाच्या सुरेचा आणि तिच्यापासून काढलेल्या उर्राकेचाही उल्लेख केला आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई जिंकली. पेशव्यांच्या राज्यात दारूबंदीचे धोरण होते. तथापि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या दैनंदिनींवर केलेल्या विवेचनावरून दिसते की, पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या किनाऱ्यावरील कोळी, भंडारी आदी समाजांना मद्याबाबत सवलत ठेवण्यात आली होती, तर ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अधिकारी यांना ते निषिद्ध होते. या धोरणात नियमनाची मर्यादा जातीनुसार आखलेली होती. द्रव्याच्या परिणामाचा विचार तीत नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई संपून कोकण इंग्रजांच्या अमलाखाली आल्यावर परिस्थिती मुळापासून बदलली. आरंभी दारूविक्रीचे मक्ते दिले जात. पुढे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढणे, गाळणे, बाळगणे आणि विकणे या प्रत्येक क्रियेला परवाना लागू केला. अबकारी म्हणजे मादक पदार्थांवरील कर व नियंत्रण यांची व्यवस्था. झाडामागे कर आकारला जाऊ लागला, घरगुती गाळप गुन्हा ठरले, आणि उरण येथील भट्ट्यांत मोहाच्या फुलांपासून काढलेली दारू मक्तेदारांमार्फत दूरवर विकली जाऊ लागली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरही निर्बंध घातले गेले. ही फुले आदिवासींचे अन्नही होते, याला दुय्यम स्थान मिळाले. झाडावरील करामुळे अनेक भंडारी कुटुंबांचा व्यवसाय तोट्यात गेला, आणि ज्या गावांत सौम्य, ताजी माडी मिळत होती तेथे महाग परंतु अधिक तीव्र गाळीव दारू पोहोचली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल मोठा होता, कारण मद्याची हानी त्याच्या एकूण मात्रेवर अवलंबून असते आणि तीव्र पेयातून मोठी मात्रा थोड्या वेळात शरीरात जाते. परंतु अबकारी खात्याच्या यशाचे माप जमा झालेला महसूल हेच राहिले.

गांजाची चौकशी

याच काळात नशेच्या परिणामांची एक व्यापक शासकीय चौकशी झाली. ब्रिटिश संसदेतील मद्यविरोधी सदस्य विल्यम केन यांच्या मागणीवरून १८९३ मध्ये भारतीय गांजा आयोग नेमला गेला; मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये विस्तृत अहवाल सादर केला. गांजा आणि भांग यांचा माफक वापर बहुतांश लोकांना लक्षणीय अपाय करत नाही, अतिरेकी वापर मात्र शरीराला आणि मनाला घातक ठरतो, आणि पूर्ण बंदीपेक्षा नियंत्रण व कर योग्य, असा त्याचा निष्कर्ष होता.

या अहवालाचा सर्वांत टिकाऊ भाग मनोरुग्णालयांच्या नोंदींच्या तपासणीचा आहे. वेडेपणाचे कारण म्हणून नोंदवहीत ‘गांजा’ असे लिहिलेले अनेक रुग्ण आयोगाने पुन्हा तपासले, तेव्हा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने किंवा कारकुनाने, दुसरे कारण ठाऊक नसल्यामुळे, तो शब्द लिहून टाकल्याचे असंख्य प्रकरणांत आढळले. कारण आणि सहअस्तित्व यांत भेद करण्याची ही शिस्त आजच्या संशोधनातही मूलभूत मानली जाते. परंतु आयोगाजवळ मोजमापाचे साधन नव्हते. तो साक्षी ऐकू शकत होता, मेंदूच्या आत पाहू शकत नव्हता. त्यामुळे किशोरवयात गांजा सुरू करणाऱ्यांना, किंवा मनोविकाराची आनुवंशिक प्रवृत्ती असणाऱ्यांना असलेला वाढीव धोका त्याच्या निष्कर्षांतून निसटला, आणि त्या काळाच्या गांजाहून कितीतरी तीव्र असलेल्या आजच्या द्रव्यांना ते निष्कर्ष तसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

मेंदूच्या इंधनाचे मोजमाप

मोजमापाचे साधन मिळाले ते एका वायूच्या साहाय्याने, आणि तो वायू स्वतः करमणुकीसाठी वापरला जाणारा होता. हास्यवायू म्हणून प्रसिद्ध असलेला नायट्रस ऑक्साइड १७९९ मध्ये हंफ्री डेव्हीने स्वतःवर आजमावला होता. सीमोर केटी आणि कार्ल श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात हाच वायू अल्प प्रमाणात हुंगवून, मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तातील त्याचे प्रमाण मोजून, जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा खप काढण्याची पद्धत सिद्ध केली. या पद्धतीने १९५० च्या दशकाच्या आरंभी असे दाखवता आले की, तीव्र मद्यधुंद अवस्थेत मेंदूचा प्राणवायूचा वापर घटतो. १९७० च्या दशकात लुई सोकोलॉफ यांनी ग्लुकोजसारख्या, पण पेशीत अर्ध्यावरच अडकून राहणाऱ्या किरणोत्सर्गी रेणूचा वापर करून मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवले, आणि त्यातून पेट स्कॅन ही माणसावर वापरता येणारी चित्रणपद्धती विकसित झाली. १९९० मध्ये एडिथ लंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्राने दाखवले की, कोकेन किंवा मॉर्फिन दिल्यावर, व्यक्तीला अत्यंत आनंद वाटत असतानाही, मेंदूचा ग्लुकोजचा वापर कमी झालेला असतो. अहमदनगरच्या पेंगणाऱ्या चिटणिसाविषयी ऑर्ताने जे डोळ्यांनी टिपले होते, त्याला आता मापाची जोड मिळाली.

मद्याच्या बाबतीत हे संशोधन आणखी पुढे गेले आहे. नोरा वोल्कोव्ह आणि इतरांच्या अभ्यासांनुसार मद्याच्या अमलाखाली मेंदू ग्लुकोज कमी वापरतो आणि यकृतात मद्याचे विघटन होऊन तयार झालेले अॅसिटेट काही अंशी इंधन म्हणून घेतो. दीर्घकाळ जास्त पिणाऱ्यांत अॅसिटेटचा हा वापर अधिक आढळतो, आणि दारू एकाएकी बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचा काही भाग या बदललेल्या इंधनव्यवस्थेशी निगडित असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. दारू अचानक सोडल्यावर झटके येणे आणि भ्रम होणे ही प्राणघातक अवस्था असू शकते, म्हणून दीर्घकाळ पिणाऱ्याची दारू वैद्यकीय देखरेखीखाली सोडवणे आवश्यक असते.

कष्टकरी वस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध मात्र जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन, याच्याशी संबंधित आहे. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे आणि भ्रम होणे अशी लक्षणे असलेल्या तीन रुग्णांचे वर्णन केले. त्यांपैकी दोघे अट्टल मद्यपी होते आणि तिसरी आम्ल प्यायल्यामुळे अन्न घेऊ न शकणारी एक स्त्री होती. १९३० च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स यांनी थायमिनविरहित आहारावर ठेवलेल्या कबुतरांच्या मेंदूत ग्लुकोजचे ज्वलन अर्ध्यावर थांबून लॅक्टिक आम्ल साचते, आणि थायमिन देताच ही क्रिया पूर्ववत होते, हे सिद्ध केले. पेशी दिसायला शाबूत असताना तिची रासायनिक प्रक्रिया बंद पडू शकते, ही कल्पना त्यातून स्थिर झाली. दारू थायमिनचे शोषण घटवते, आणि मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळावर राहणाऱ्या, जेवणाऐवजी पिणाऱ्या माणसाच्या आहारात थायमिन आधीच कमी असते. अशा रुग्णाला वेळेवर थायमिन न मिळाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. भात हे मुख्य अन्न असलेल्या कोकणकिनाऱ्यावर हे ज्ञान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे, कारण उपचार स्वस्त आहे आणि विलंबाची किंमत फार मोठी आहे.

बंदी, हातभट्टी आणि मिथेनॉल

१ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. प्रांताचे तत्कालीन मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नामवंत हृदयरोगतज्ज्ञ होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि संपूर्ण राज्यात कडक बंदी आली. दारूमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या श्रमिक कुटुंबांविषयीची कळकळ या धोरणामागे निश्चितपणे होती. तथापि ज्या माडीवर भंडाऱ्यांची उपजीविका होती तीही बंदीत सापडली, आणि मुंबईसारख्या प्रचंड मागणीच्या शहराभोवतीच्या खाड्यांच्या तिवरांत हातभट्ट्या उभ्या राहिल्या. काळा गूळ आणि नवसागर यांपासून गाळलेली ही दारू कोणत्याही मापाशिवाय विकली जाई. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत बंदी शिथिल होऊन परवान्यांची पद्धत आली, पण हातभट्टीचे जाळे संपले नाही. माडी-ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट या गुंगीच्या रसायनाची भेसळ केलेले पाणी विकण्याचे प्रकारही महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आले आहेत. या भेसळीत झाडाचा रस नाममात्र असतो किंवा मुळीच नसतो, आणि गुंगी आणणारी मात्रा व श्वास थांबवणारी मात्रा यांतील अंतर थोडे असते.

सर्वांत भीषण भेसळ मिथेनॉलची होय. मिथेनॉल हा उद्योगांत वापरला जाणारा, मद्यार्काचा स्वस्त आणि विषारी भाऊबंद आहे. डिसेंबर २००४ मध्ये मुंबईतील विक्रोळी येथे आणि जून २०१५ मध्ये मालाडजवळच्या मालवणी येथे विषारी दारूने मोठे मृत्युकांड घडले; मालवणीत मृतांची संख्या १०० च्या वर गेली. मृतांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, आणि हे आम्ल तंतुकणिकांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याच्या अखेरच्या टप्प्यावरील प्रथिनाला, अडवते. रक्तात प्राणवायू असूनही पेशी तो वापरू शकत नाही. डोळ्याची चेता आणि मेंदूच्या गाभ्यातील पुटामेन हा हालचालींशी संबंधित भाग यांची ऊर्जेची गरज मोठी असल्यामुळे आघात प्रथम तेथे होतो, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना अंधत्व येते. लक्षणे १२ ते २४ तास उशिरा दिसू शकत असल्यामुळे, पिताना काही झाले नाही या समजुतीत रुग्ण घरीच थांबतो. ही समजूत अनेक मृत्यूंना कारणीभूत ठरली आहे.

गर्द आणि रासायनिक नशेचा काळ

१९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत हेरॉइनचे अशुद्ध रूप, म्हणजे ब्राउन शुगर, पसरले. मराठीत त्याला गर्द हे नाव रूढ झाले. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. पुण्यात डॉ. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनातून जागृती झाली आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. त्याआधी १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा केंद्रीय कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, अमलात आला होता. शासनाने शिक्षेचा मार्ग घेतला, तर या संस्थांनी व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली.

गर्दमुळे होणारा मृत्यू बहुधा श्वासोच्छ्वास मंदावल्याने होतो, म्हणजे तोही अखेर मेंदूच्या प्राणवायूचाच प्रश्न असतो. परंतु १९८२ मध्ये दोन स्वतंत्र घटनांनी आणखी गंभीर गोष्ट समोर आणली. नेदरलँड्समध्ये चांदीच्या कागदावर तापवलेल्या हेरॉइनचा धूर ओढणाऱ्यांमध्ये मेंदूतील श्वेतद्रव्य स्पंजासारखे सच्छिद्र होण्याचा विकार वर्णिला गेला. मुंबईत गर्द ओढण्याची पद्धत हीच होती. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, प्रयोगशाळेत चुकीने बनलेले कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेले काही तरुण अचानक लाकडासारखे ताठरले. विल्यम लँग्स्टन आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले की त्यात एमपीटीपी ही अशुद्धी होती, आणि शरीरात तिचे रूपांतर अशा द्रव्यात होते जे डोपामिन निर्माण करणाऱ्या चेतापेशींत शिरून तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीची पहिली पायरी बंद पाडते. कंपवातात याच पेशी नष्ट होत असल्यामुळे त्या विकाराच्या संशोधनाला नवी दिशा मिळाली, परंतु ज्यांच्यामुळे ती मिळाली त्यांच्या पेशी परत आल्या नाहीत.

गांजाविषयीचे ज्ञानही बदलले. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये रफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातील मुख्य मादक घटक टीएचसी वेगळा केला. तो मेंदूतील ज्या ग्राहींवर कार्य करतो त्यांपैकी काही ग्राही थेट तंतुकणिकांवर असतात, हे २०१२ मध्ये, आणि त्यांच्यामुळे चेतापेशींना इंधन पुरवणाऱ्या तारकापेशींचे ग्लुकोजचे ज्वलन घटून उंदरांचे सामाजिक वर्तन बदलते, हे २०२० मध्ये दाखवले गेले. ही माहिती उंदरांवरील प्रयोगांची असल्यामुळे माणसाविषयी तडकाफडकी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे; परंतु गांजा नैसर्गिक असल्यामुळे निरुपद्रवी आहे, या समजुतीला तिने आधार उरू दिलेला नाही.

वसई परिसरातील अलीकडचा अध्याय मेफेड्रोन, म्हणजे एमडी, या द्रव्याचा आहे. १९२९ मध्ये प्रथम संश्लेषित झालेले आणि नंतर विस्मरणात गेलेले हे रसायन एकविसाव्या शतकात करमणुकीचे द्रव्य म्हणून पुन्हा बाजारात आले, आणि भारतात २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने पाचूबंदरच्याच महापालिका क्षेत्रातील नालासोपारा येथे सुमारे ७०० किलो मेफेड्रोन जप्त केले. या वर्गातील उत्तेजक द्रव्ये मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन यांचा पूर आणतात, झोप व भूक दडपतात, हृदयाची गती आणि शरीराचे तापमान वाढवतात. पेशींची ऊर्जेची मागणी वाढवून ती भागवण्याची साधने तोडणारी ही अवस्था कोंदट, उष्ण जागेत प्राणघातक ठरू शकते. पुडीत नेमके काय आणि किती आहे, हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

निष्कर्ष

या जवळजवळ पाच शतकांच्या इतिहासातून दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली अशी की, या किनाऱ्यावर नशेचे द्रव्य क्रमाक्रमाने तीव्र आणि अज्ञात होत गेले आहे: डोळ्यांसमोर झाडावरून उतरलेल्या माडीपासून परवान्याच्या गाळीव दारूपर्यंत, तेथून हातभट्टीपर्यंत आणि अखेर अनोळखी हातांनी बनवलेल्या भुकटीपर्यंत, आणि या प्रत्येक टप्प्यावर मेंदूच्या ऊर्जाव्यवस्थेवर होणारा आघात अधिक आकस्मिक झाला. दुसरी अशी की, मक्ता, कर आणि बंदी या तिन्ही उपायांनी द्रव्याचा मार्ग बदलला, परंतु ते घेणाऱ्या माणसाचे श्रम, उपासमार आणि आजार यांकडे त्यांपैकी एकानेही पुरेसे लक्ष दिले नाही. कोळी, भंडारी किंवा आदिवासी समाज स्वभावतः व्यसनी आहेत असा समज अबकारी काळापासून रुजवला गेला. इतिहास त्याला पुष्टी देत नाही. धोरणांचा आणि भेसळीचा भार ज्यांच्यावर सर्वाधिक पडला, त्यांच्या वस्त्यांत हानी अधिक दिसली, इतकेच सत्य आहे.

म्हणून पाचूबंदरसारख्या प्रत्येक किनारी वस्तीत काही गोष्टी घरोघरी ठाऊक असल्या पाहिजेत. दारू प्यायल्यानंतर, दुसऱ्या दिवशीही, नजर धूसर झाली, पोटात तीव्र दुखले किंवा धाप लागली, तर रुग्णाला क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. मिथेनॉलवर उतारा आहे, पण तो वेळेतच उपयोगी पडतो. नशेत बेशुद्ध झालेल्या माणसाला झोपू द्यावे, ही चूक करू नये. त्याचा श्वास मंद वाटला तर तत्काळ मदत बोलवावी आणि काय घेतले होते ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाची १४४४६ ही विनामूल्य मदतवाहिनी उपलब्ध आहे. व्यसन हा मेंदूचा उपचारसाध्य आजार आहे, आणि त्यात सापडलेल्या माणसाला लाज न वाटता दवाखान्याची पायरी चढता यावी, याची जबाबदारी त्याच्या कुटुंबाइतकीच समाजाची आणि शासनाचीही आहे.